मिक्श्चरमधलं पाणी

आमच्या फेरीत बघण्यासारखं फार काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. रविवारी सकाळी कुंडलिकेच्या पुलापाशी, जुन्या जालन्याच्या बाजूला लोक जमतात आणि मी त्यांना पायी हिंडवत गावातल्या दवापाण्याचा इतिहास सांगतो. हाडवैद्याचं घर म्हणून मी बोट दाखवतो तिथं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. प्लेगात लोक गाव सोडून ज्या रानात झोपड्या टाकून राहिले म्हणतात, तिथं प्लॉट पडलेत. ज्या बारवेच्या पाण्यातून नारू व्हायचा ती गाळानं भरलीय. थोडक्यात, नसलेल्या गोष्टी दाखवणं हा माझा धंदा. लोकांनी शटरकडे बघायचं आणि मी सांगेन ते तिथं आहे असं मानायचं.

लोकही मानतात. एकदा एक गृहस्थ रिपोर्टांची फाइल काखेत मारून आले. फुकट शुगर तपासतात असं त्यांना कुणी सांगितलं होतं. आता आलोच आहोत म्हणून सगळी फेरी चालले, आणि शेवटी म्हणाले, "चालणं झालं, तेबी बराबरच हाये." एक निवृत्त हेडमास्तर तर जवळपास प्रत्येक फेरीला येतात. मागच्या वेळी मी काय वेगळं सांगितलं होतं ते सगळ्यांसमोर ऐकवणं, हा त्यांचा रविवारचा कार्यक्रम.

बारवेपाशी लोक जास्त वेळ थांबतात. नारू म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि आतून पांढरा दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. तो ओढून काढता यायचा नाही, तुटला की पाय सुजायचा. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा. लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवायचे आणि तेच पाणी भरून न्यायचे, त्यातून तो पसरायचा. एवढं ऐकलं की सगळे आपापल्या पावलांकडे बघतात. मग मी म्हणतो, "चला, आता दवाखान्यात." तो दवाखाना हा फेरीचा शेवटचा मुक्काम, आणि तिथंच मी काही वर्षं कामाला होतो.

संपादकांनी फेरीवर लिहा म्हटलं तेव्हा सगळ्या मुक्कामांवर लिहायचं ठरवलं होतं. पण बाकीचं फेरीत ऐकायला मिळतंच. मी तसा कमी बोलणारा माणूस. फेरीत बोलतो ते पाठ झालेलं असतं. जे पाठ केलं नव्हतं ते इथं लिहितो.

दवाखाना म्हणजे रस्त्यालगत दोन खोल्या. आतल्या खोलीत डॉक्टर, बाहेरच्या खोलीत लाकडी काउंटर आणि त्यामागं कंपाउंडर. आमचे कंपाउंडर म्हणजे साळवेमामा. मी एकोणीस-वीस वर्षांचा असताना आष्टीहून जालन्याला आलो आणि त्यांच्या हाताखाली लागलो. पांढरा शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, खिशाला पेन. बाहेरच्या खोलीत स्पिरिटचा, ओव्याच्या अर्काचा आणि स्टोव्हवर उकळणाऱ्या सुयांच्या वाफेचा मिळून एक वास असायचा. तो वास मला अजून कधी कधी येतो, कुठून ते कळत नाही.

तेव्हा पेशंटला "काय होतंय" हा दुसरा प्रश्न असायचा. पहिला प्रश्न "बाटली आणली का?" औषध तयार बाटलीत मिळायचं नाही, आपली बाटली आपण आणायची. कुणी सरबताची आणायचं, कुणी घासलेटाची धुऊन आणायचं. मामा ती नाकाशी धरून सांगायचे, "राखंनं धू, उन्हात ठिव, मंग ये." पेशंट जागीच बसून राहायचा आणि मामा शेवटी स्वतःच धुऊन द्यायचे. खोकल्याचं औषध तपकिरी, पोटाचं पांढरं, ताकदीचं लाल. मोठ्या बरण्यांत दाट औषध करून ठेवलेलं असायचं. ते मापाच्या ग्लासानं बाटलीत घालायचं आणि वर पाणी घालून बाटली भरायची. हे झालं मिक्श्चर. बाहेरून कागदाची एक पट्टी चिकटवायची, करवतीच्या दात्यांसारखी कापलेली. एक दाता म्हणजे एक डोस.

परतूरकडचा एक शेतकरी होता. तो आठवड्याची बाटली घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी रिकामी घेऊन आला.

"समदं पिलास?" मामा म्हणाले.

"मंग काय करू? घरी पोरं हायेत, सांडलं असतं."

"आन् पट्टी कामून काढली?"

"ती चिकटत व्हती, चहात टाकली."

मामांनी त्याला बाकावर बसवून ठेवलं. त्याला काही झालं नाही. दुपारी तो म्हणाला, "आता ताकद आल्यासारखी वाटून राह्यली," आणि निघून गेला. फेरीत हा किस्सा सांगितला की हशा ठरलेला.

मामांनी मला ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरायला शिकवलं, एकाच घडीत पुडी बांधायला शिकवलं, रडणाऱ्या पोरासमोर सिरिंज कशी लपवायची ते शिकवलं. जेवायच्या सुट्टीत आम्ही मागच्या ओट्यावर बसायचो. त्यांच्या डब्यातलं तिळाचं कूट लावलेलं वांगं मी खायचो आणि माझ्या डब्यातलं लोणचं ते घ्यायचे. त्यांच्या घरी भीमजयंतीला जेवायलाही गेलो होतो. तेव्हा मला वाटायचं, आपण या असल्या गोष्टी मानत नाही, झालं.

आता पाण्याचं सांगतो. डॉक्टरांना काउंटरवर दुसऱ्या माणसाची खरी गरज नव्हती. मामा एकटे पुरेसे होते. पण काही घरचे पेशंट, विशेषतः खेड्यांतल्या मोठ्या घरांतले, डॉक्टरांच्या कानाशी लागायचे. दवाई मामांची चालंल, ती बरणीतली आहे, पण पाणी त्यांच्या हातचं नको. साळवेमामा बौद्ध होते, एवढंच त्यामागचं कारण. डॉक्टर भला माणूस. पेशंटशी वाद घालायचा नाही आणि मामांनाही सोडायचं नाही, म्हणून त्यांनी मला ठेवलं. पहिल्याच दिवशी आत बोलावून म्हणाले, "काउंटरवर पाण्याचं तू बघत जा. बाकी त्यांच्याकडून शिक." मी मान हलवली. मला नोकरी हवी होती.

मामांना कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. चिठ्ठीवर कुणाचं नाव आहे ते बघून ते औषध घालायचे आणि बाटली बाजूला ठेवायचे. मी माठातून पाणी घालायचो. बाकीच्यांच्या बाटल्या ते स्वतः भरायचे. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आमचं बराबर चाललंय असं मला वाटायचं.

एके दिवशी आमच्या काकू आल्या. माझी सख्खी चुलती, आष्टीहून. माझ्यासाठी धपाट्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या चिठ्ठी आणि बाटली काउंटरवर देऊन गर्दीत बाकावर बसल्या, तेवढ्यात मी डॉक्टरांचं पार्सल आणायला स्टँडवर गेल्तो. गर्दी होती, म्हणून मामांनी काकूंची बाटली भरून, बूच लावून काउंटरवर ठेवली. मी दारातून आत आलो तर काकू बाटलीकडं बघत उभ्या.

"दत्ता, ह्यात पानी कुणी घातलं रे?"

आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ पडलं का विचारावं, तसं विचारलं. बाकावर दहाएक माणसं होती. मामांच्या हातात दुसऱ्या बाटलीचं बूच होतं.

"मीच घातलं काकू," मी म्हणालो. "मघाशी भरून ठिवली अन् मंग गेलो."

काकूंनी बाटली पिशवीत टाकली, डबा माझ्या हातात दिला, "वाळून गेलास" म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, निभावलं. मामांची लाज राखली, काकूंनाही दुखावलं नाही. खरं सांगतो, मला थोडा अभिमानच वाटला.

गर्दी ओसरल्यावर मामा म्हणाले, "तुझ्या मनात चांगलंच असंल, दत्ता."

"मंग काय करायचं होतं मामा? तमाशा झाला असता."

"झाला असता." त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "न्हाई झाला. पण आता माझ्या हातचं पानी वाईटच ठरलं ना. आतापर्यंत ते म्हणत व्हते. आज तूबी म्हनलास."

दुसऱ्या दिवसापासून माठ काउंटरच्या माझ्या बाजूला आला. मामा औषध घालायचे आणि बाटली माझ्याकडं सरकवायचे. सगळ्यांचीच. त्यांच्या वस्तीतल्या लोकांचीसुद्धा. त्यानंतर मी त्यांना दवाखान्यात कुणासाठीही पाणी ओतताना पाहिलं नाही. डबा आम्ही एकत्रच खायचो, पण ते लोणचं घेत नव्हते. वर्षभरात त्यांना परतूरला काम मिळालं आणि ते गेले. रेल्वे स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मी निरोप द्यायला गेलो नाही. दवाखान्यात काम आहे, असं सांगितलं. काम नव्हतं.

पुढं दवाखाना बंद झाला. मी नव्या जालन्यात मेडिकलच्या दुकानात लागलो. ते सगळं इतरांसारखंच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कोरोना ओसरल्यावर गावातल्या काही शिक्षकांनी फेरी सुरू करायचं ठरवलं आणि मला जुनं माहीत आहे म्हणून बोलावलं. पहिल्याच फेरीत दवाखान्यापाशी मी मामांबद्दल सांगितलं. बाटल्या, पट्ट्या, रंग, चहातली पट्टी. लोक खूश होते. एका बाईंनी विचारलं, "ते आहेत का हो आता?"

मला माहीत नव्हतं. तीसेक वर्षांत मी चौकशी केली नव्हती. परतूर काही लांब नाही, गाडी रोज जाते. कोरोनाच्या दोन वर्षांत कितीतरी म्हातारी माणसं गेली होती. माझ्या तोंडून निघालं, "नाहीत."

त्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. फेरी तिथंच संपायची होती आणि ती इतकी नीट संपली की पुढच्या वेळीही मी तसंच म्हणालो. मग ते पाठच झालं. मी थोडं वाढवलंही. "शेवटपर्यंत त्यांच्या हाताला स्पिरिटचा वास होता," असं म्हणायला लागलो. शेवटाला मी एक गंमतही ठेवली होती. ओव्याचा अर्क, साखर आणि खायचा रंग घालून बरणीत गुलाबी मिक्श्चर करून न्यायचो. तांब्यातून पाणी घालून कागदी कपात प्रत्येकाला घोटभर द्यायचो. मामांच्या आठवणीत, असं म्हणायचो.

गेल्या हिवाळ्यात फेरी संपली, कप गोळा करत होतो. एक तरुण शिक्षिका मागं थांबली होती. बाकीचे जाईपर्यंत थांबली.

"काका, साळवेमामा कधी वारले म्हणालात?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"मी त्यांची नात. प्रज्ञा. परवाच फोनवर बोलले माझ्याशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तर डॉक्टरनं टीव्ही बंद केला म्हणून चिडलेत."

मी हातातले कप एकात एक घालत राहिलो. तिनं आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त अवघड झालं.

"सगळ्यांसमोर बोलले नाही," ती म्हणाली. "छान सांगत होता तुम्ही. आजोबांचं इतकं चांगलं मी कुणाकडूनच ऐकलं नव्हतं. फोन लावू का?"

"नको," मी म्हणालो. "मी जातो."

जातो म्हटलं तरी बरेच रविवार गेले. मग एकदा गाडीत बसलो. परतूरला मामा मुलाच्या घरी व्हरांड्यात बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा, शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. मी नाव सांगण्याआधीच म्हणाले, "ये दत्ता. मला मारलंस म्हनं."

"मामा, चुकलं."

"बस आधी. कशानं मेलो मी?"

"तेवढं सांगत नाही."

"सांगत जा की. लोक इचारत असतील. हार्टचं सांग, जल्दी मरतो मानूस, बगनाऱ्यालाबी तरास न्हाई." सुनेला हाक मारली, "च्या ठिव गं. मयताला आलाय जालन्याहून."

ते हसले आणि मलाही हसू आलं. चहा झाला. दवाखान्याचं, डॉक्टरांचं, चहात पट्टी टाकणाऱ्याचं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, "फेरीत काय काय सांगतोस?"

"बाटल्या कशा धुवायच्या, पट्टी कशी कापायची, रंग, पुड्या."

"अन् पान्याचं?"

मी रिकामा कप बशीत फिरवत राहिलो.

"म्हंजे पानी सोडून समदं," मामा म्हणाले. "निस्तीच बरणी." मग म्हणाले, "मी येतो एकदा. बगू कसं सांगतोस."

नातीनं त्यांना उन्हं वाढायच्या आत आणलं. पुलापासून चालणं त्यांना झेपणार नव्हतं, म्हणून रिक्षानं थेट दवाखान्यापाशी. तिथं आता एक बंद दुकान आहे, पण ओटा तोच आहे. मी लोकांना घेऊन पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. हेडमास्तर होतेच. मी सांगितलं, "हे साळवेमामा. मी यांना गेलेले म्हणत होतो. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं."

"मागच्या वेळी स्पिरिटचा वास म्हणाला होतात," हेडमास्तर म्हणाले.

"तेही मीच घातलं होतं."

मग पाण्याचं सांगितलं. मला कशासाठी नोकरीला ठेवलं ते सांगितलं. काकूंचं नाव घेऊन सांगितलं, कारण काकू माझ्याच आहेत आणि त्यांचं नाव लपवलं तर पुन्हा तेच झालं असतं. जमलेल्यांत काही त्याच घरांतले होते, ज्यांच्या चिठ्ठ्या बघून मामा बाटली बाजूला ठेवायचे. एकानं मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिला. पाठ केलेलं नव्हतं, त्यामुळं मध्ये मध्ये अडखळलो. शेवटी म्हणालो, "दुसऱ्या दिवशी मामांनी माठ उचलून माझ्या बाजूला ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. ते मला अजून दिसतं."

मामा इतका वेळ काठीवर हात ठेवून ऐकत होते.

"एक चुकलं," ते म्हणाले. "माठ मी न्हाई ठिवला."

"मामा, तुम्हीच..."

"मी सकाळी आल्तो तवा माठ तिकडं गेल्ताच. मला वाटलं डॉक्टरनं सांगितलं असंल. मंग म्हनलं, न्हाई, डॉक्टर तं अजून यायचेत." त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "किल्ली तुझ्याकडं असायची दत्ता."

किल्ली माझ्याकडंच असायची. मी सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायचो, झाडून घ्यायचो, माठ भरायचो. ते ऐकलं आणि मला फरशीवरचं ओलं वर्तुळ आठवलं, माठ होता तिथलं. ते मी फडक्यानं पुसलं होतं. पुन्हा कुणी विचारायला नको, असं तेव्हा मनात होतं. इतकी वर्षं मी चुकीची कबुली तयार ठेवली होती, आणि तीत सुद्धा जड काम मामांकडूनच करून घेतलं होतं.

लोक उभे होते. बरणी, कप, तांब्या सगळं ओट्यावर मांडून ठेवलेलं होतं. मामा म्हणाले, "आता ते गुलाबी काय हाये ते देतोस का? ही मान्सं सकाळपासून चालून राह्यलीत."

मी कप मांडले. प्रत्येकात बरणीतलं थोडं थोडं घातलं, ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरून. मग तांब्या उचलला आणि मामांच्या बाजूला ठेवला. ते तांब्याकडं बघत बसले. मग काठी नातीकडं दिली, दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि एकेका कपात पाणी घालत गेले. थोडं ओट्यावर सांडलं. आधी हेडमास्तरांनी कप उचलला, मग एकेक करून सगळ्यांनी. मोबाइलवाल्यानंही घेतला.

शेवटचा कप त्यांनी माझ्याकडं सरकवला.

"रंग लई टाकलास," ते म्हणाले. "आपन इतका न्हाई टाकायचो."

मी प्यालो. रंग खरंच जास्त झाला होता.